ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात ताप: व्हायरल म्हणून सोडू नका

प्रश्न: आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मुलगी पाच वर्षांची, हृदयात होल होतं, व्हीएसडी, मुंबईला ऑपरेशन करून पॅच लावला. घरी आल्यावर छान खेळत होती पण आता तिसऱ्या आठवड्यात बारीक ताप येतोय, जेवत नाही, दोनदा उलटी झाली आणि रात्री आडवं केलं की रडते, मांडीवर बसवून ठेवली तरच झोपते. टाके एकदम कोरडे आहेत. जवळचे डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. मुंबईची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तोवर थांबू का? आणि एक दात किडलाय, तो काढला तर चालेल का?

उत्तर: ताई, थांबू नका, हे वाचलं की आजच टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. दृष्ट काढायची तर काढा, पण रिक्षा बोलवून झाल्यावर.

टाके कोरडे म्हणजे आत सगळं ठीक असं नसतं. ऑपरेशन करताना हृदयावरचं पातळ आवरण उघडावं लागतं, त्यावर काही मुलांचं शरीर उशिरा चिडतं, बहुतेक वेळा पहिल्या ते सहाव्या आठवड्यात, आणि मग ताप, छातीत दुखणं, चिडचिड, लहान मुलांत नुसत्या उलट्यासुद्धा, आणि त्या आवरणात पाणी साठायला लागतं. आडवं केल्यावर रडते आणि बसवली की शांत, हे तुम्ही लिहिलंत ना, मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. पाणी थोडं असेल तर सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी बहुतेकदा भागतं, कधी स्टिरॉइड लागतं, खूप साठलं तर हृदयावर दाब येतो आणि ते सुईने काढावं लागतं. त्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका, तिची लघवीची वगैरे औषधं चालू असतील तर किडनीला त्रास होऊ शकतो. तापाचं दुसरं कारण इन्फेक्शनही असू शकतं, म्हणून अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी, घ्यायला सांगा.

एकोसाठी मुंबई गाठायची गरज नाही, नाशिकमध्ये लहान मुलांचा एको करणाऱ्यांकडे जा, डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या आणि रिपोर्ट सर्जनच्या टीमला व्हॉट्सअ‍ॅप करून फोन करा. धाप लागली, ओठ निळसर दिसले, हातपाय गार पडले किंवा पोर मलूल झालं तर एकोबिको नंतर, सरळ १०८ला फोन करून मोठं हॉस्पिटल.

दात आत्ता नको. पॅचवर स्वतःचं अस्तर चढायला साधारण ६ महिने लागतात, तोवर दात काढायचाच झाला तर पॅचला इन्फेक्शन होऊ नये म्हणून आधी अँटिबायोटिकचा डोस लागतो, पॅचच्या कडेने थोडं लीक राहिलं असेल तर ६ महिन्यांनंतरही लागतो. डेंटिस्टला ऑपरेशनचं पहिल्याच वाक्यात सांगा. आणि हो, रिक्षात बसवताना बगलेत धरून उचलू नका, छातीचं हाड जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात, एक हात पाठीखाली आणि एक कुल्ल्याखाली घालून उचला, हे आजोबांनाही सांगून ठेवा.