क्लाउड साठवणुकीच्या बिलातील तफावत शोधणाऱ्या साधनाची माहितीपुस्तिका कशी लिहावी?

आपण विचारले आहे की, ऐरोलीच्या कार्यालयात अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री साठवणुकीचे मासिक बिल आणि प्रत्यक्ष साठा यांतील फरक काढणारे एक साधन आपण तयार केले असून ते लेखा विभागाकडे सोपवायचे आहे. तेव्हा त्याच्या माहितीपुस्तिकेची सुरुवात इन्स्टॉलेशनपासून करावी की कोडच्या रचनेपासून? माझ्या मते दोन्हींपासून करू नये. पहिल्या पानावर ‘फरक’ या शब्दाचा आपल्या साधनापुरता अर्थ काय, ते लिहावे.

मी वागळे इस्टेटमधील एका कंपनीत असेच साधन सांभाळतो. त्याची पहिली पुस्तिका मीच लिहिली होती. तिच्यात पायथन या प्रोग्रामिंग भाषेची आवृत्ती, आज्ञा आणि त्यांचे पर्याय हे सारे होते. परंतु ‘बिलात ६८ जीबी कमी कसे?’ या आमच्या लेखा विभागातील मॅडमच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. (बिल कमी आले म्हणून सहसा कोणी तक्रार करत नाही, पण हिशेब ठेवणाऱ्याला कमीही तितकेच खटकते.) आमचे साधन १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरत होते, तर बिलातील १ जीबी हा २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा असतो. त्यामुळे १ लाख कोटी बाइटांचा साठा आमच्या तक्त्यात १,००० जीबी आणि बिलात ९३१.३२ जीबी दिसत होता. चूक साधनाची होती, आणि पुस्तिकेत एककाचा उल्लेखच नसल्याने ती शोधायला दोन दिवस गेले.

त्यानंतर मी पुस्तिका नव्याने लिहिली, ती बँक ताळमेळ पत्रकाच्या धर्तीवर. लेखा विभागातील माणसाला हे पत्रक पाठ असते: पासबुक आणि रोकडवही यांतील शिल्लक जुळत नसली तरी दिलेला पण न वटलेला धनादेश, बँकेने परस्पर कापलेले शुल्क अशी कारणे एकेक करून मांडली की ताळा जमतो, आणि जे उरते तेवढ्याचीच चौकशी करायची असते. साठवणुकीच्या बिलातही अशी ठरलेली कारणे आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र परिच्छेद द्यावा आणि त्यात एक सोडवलेले उदाहरण असावेच.

सर्वाधिक जागा ‘जीबी-महिना’ (१ जीबी साठा पूर्ण महिनाभर) या एककाला द्यावी, कारण साठा एका दिवशी मोजला जातो आणि बिल तासांच्या बेरजेवर निघते. १०० जीबीची फाइल १५ दिवस, म्हणजे ३६० तास ठेवली, तर ३१ दिवसांच्या महिन्यात ७४४ तासांनी भागून ४८.३९ जीबी-महिना होतात. तीच फाइल तितकेच दिवस २८ दिवसांच्या फेब्रुवारीत ठेवली, तर ६७२ तासांनी भागून ५३.५७ होतात. हे दोन आकडे शेजारी छापले की निम्मे प्रश्न येतच नाहीत. शिवाय बिलाचा महिना जागतिक प्रमाणवेळेनुसार चालतो. आपल्या घड्याळात तो १ तारखेला पहाटे ५:३० वाजता सुरू होतो, त्यामुळे रात्री १२ नंतर चालणारा बॅकअप मागील महिन्यात मोजला जाऊ शकतो.

दुसरे कारण लहान फाइलींचे. क्वचित वापराच्या स्टँडर्ड-आयए वर्गात १२८ केबीपेक्षा लहान फाइलीलाही १२८ केबीचेच भाडे लागते. १० केबीची १० लाख लघुचित्रे प्रत्यक्षात साडेनऊ जीबी भरतात, पण बिलात १२२ जीबी होतात. याच वर्गातील फाइल ३० दिवसांच्या आत पुसली, तर उरलेल्या दिवसांचेही पैसे द्यावे लागतात; डीप आर्काइव्ह या दीर्घकालीन साठ्याच्या वर्गात ही मुदत १८० दिवसांची आहे. फाइलींच्या जुन्या आवृत्त्या आणि अर्धवट राहिलेल्या मल्टिपार्ट अपलोडचे (मोठी फाइल तुकड्या-तुकड्यांनी चढवण्याच्या पद्धतीचे) तुकडे नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, तरीही त्यांचे भाडे चालू राहते. आपले साधन हे दोन्ही मोजते की नाही, ते स्पष्ट लिहावे. मोजत नसेल तर तेही लपवू नये.

कोणत्या दिवशी साधन चालवायचे, हेही लिहिणे आवश्यक आहे. महिना संपल्यानंतरही अंतिम बिल निघेपर्यंत वापराचे आकडे बदलू शकतात, म्हणून १ तारखेला केलेली तुलना केवळ अंदाज मानावी. तुलना १८ टक्के जीएसटी धरण्यापूर्वीच्या रकमेशी करावी. बिलातील वापरप्रकारांची नावे भाषांतरित न करता बिलात आहेत तशीच ठेवावीत, कारण वाचणारा तीच नावे बिलात शोधणार आहे.

इन्स्टॉलेशनला अर्धे पान पुरे. त्यात अ‍ॅमेझॉनच्या खात्याची गुप्त किल्ली (पासवर्डसारखा सांकेतिक मजकूर) नमुना म्हणूनही छापू नये, आणि साधनाला फक्त वाचण्याचीच परवानगी द्यावी. शेवटी एका काल्पनिक महिन्याचे छोटे बिल, त्याची साठायादी आणि अपेक्षित उत्तर जोडावे. कोडमध्ये बदल करणाऱ्याने आधी त्यावर साधन चालवून पाहावे आणि उत्तर बदलले, तर त्याचे कारण तारखेसह त्याच पानावर नोंदवावे.