टर्बो पेट्रोल गाडीला ऑइल कॅच कॅन बसवायचा आहे. कोणता घ्यावा आणि देखभाल काय?

कॅच कॅन म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाफेतलं तेल अडवून साठवणारा डबा. आधी इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं आहे का ते बघा (१.० टीएसआय, टर्बो जीडीआय वगैरे). त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, त्यामुळे ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणाऱ्या तेलाच्या वाफेचा कार्बन त्यांच्यावर साचतो. साध्या एमपीएफआय इंजिनाला (ज्यात पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच फवारलं जातं), रोजच्या वापरात, मी तरी हा खर्च करणार नाही.

कॅन घेताना बाहेरची चकाकी बघू नका, झाकण उघडून आत बघा. आत बॅफल (वाफेला अडवणारे पडदे) किंवा जाळी नसेल तर तो नुसता रिकामा डबा. वाफ एका नळीतून येऊन दुसरीतून तशीच निघून जाते. होज तेल सोसणारा आणि मूळ नळीइतक्याच व्यासाचा हवा. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, इनटेक मॅनिफोल्डकडचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांकडचा) पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे ही वाफ सोडणारी झडप, बंद होतो आणि वाफ टर्बोच्या इनलेटकडे वळते, म्हणून ती लाइनही कॅनमधून गेली पाहिजे. नुसती मॅनिफोल्डची लाइन जोडून देणारे बरेच भेटतात! वाफ हवेत सोडणारा कॅन नको: वास येतो, प्रदूषण होतं.

सुरुवातीला हजारेक किलोमीटरवर उघडून बघा, मग तुमचा कॅन किती लवकर भरतो ते कळेल. पावसाळ्यात, छोट्या फेऱ्यांत, ताकासारखा पांढरट फेस निघतो. ते वाफेतलं पाणी, हेड गॅस्केट (इंजिनातलं कूलंट अडवणारं सील) गेलं म्हणून घाबरू नका. कूलंट कमी होत असेल तर मात्र तपासा. निघालेलं तेल परत इंजिनात ओतू नका. जाळी तुंबली की क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या भागात) दाब वाढून सील गळतात, तेव्हा तीही धुवा.

वॉरंटी चालू असेल तर आधी डीलरला विचारा.