पाच महिन्यांचं बाळ पालथं पडायला लागलंय, झोळीत मावत नाही. आता कुठे झोपवावं?

झोळी आता बंदच करा. कापडाच्या खोलगट झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अडू शकते. शिवाय कुशीवर वळणारं बाळ तिच्यातून पडूही शकतं.

लाकडी पाळणा किंवा क्रिब घेणार असाल तर दोन गजांमधलं अंतर सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. गादी कडक, सपाट आणि कडेला फट न राहणारी हवी. जागा नसेल तर फरशीवर बाळाची वेगळी, घट्ट भरलेली पातळ गादी चालते, पण ती भिंतीला चिकटवू नका. बाळ सरकत सरकत त्या सांदीत अडकतं. मोठ्यांचा पलंग भिंतीला लावून मधे लोड ठेवण्याची युक्तीही याच कारणाने नको.

आजी लोक रागावतील, पण मोहरीची उशी काढा. दुपटी, गोधड्या, मऊ खेळणीही बाजूला. वळायला लागल्यावर हात बांधून गुंडाळणं थांबवायचं. थंडी असेल तर अंगात एक कपडा जास्त घाला. मच्छरदाणी ताणलेली असू दे, तोंडावर लोंबणारी नको.

झोपवताना नेहमी उताणंच. उताण्याचं पालथं आणि पालथ्याचं उताणं असं दोन्हीकडे स्वतःहून वळता येत असेल, तर झोपेत पालथं झाल्यावर दर वेळी उठून सरळ करत बसायची गरज नाही. निदान सहा महिन्यांपर्यंत जागा वेगळी, खोली मात्र तुमचीच.