वाचक विचारतात : विहारासाठी घरची उदबत्ती

प्रश्न : ताई, सविनय जय भीम. आमच्या वाडीतल्या विहारात वंदनेला बाजारची उदबत्ती लावतो, तर म्हाताऱ्या माणसांना ठसका लागतो. तिबेटी, जपानी विहारांत बिनकाडीची उदबत्ती असते म्हणे. ती कशी करतात? आमच्या बायकांनी करून पाहिली, पण सुकताना वाकली आणि अर्ध्यावर विझली.
— एक वाचक, ता. मंडणगड

उत्तर : जय भीम. विझली म्हणता, म्हणजे राळ किंवा लवंग सढळ हाताने पडली असणार, नाहीतर पूड जाडी राहिली. उदबत्तीचं निम्म्याहून जास्त अंग लाकडाच्या पुडीचं हवं. राळ, गुग्गुळ, लवंग वासापुरतीच.

सगळ्याच बौद्ध देशांत बिनकाडीची असते असं मात्र नाही. चीन, थायलंड, व्हिएतनाममध्ये बांबूची काडी सर्रास चालते. तिबेटात जुनिपर, चंदन, जटामांसी, लवंग, जायफळ, केशर यांच्या पुडी पाण्यात मळतात, टोकाला भोक पाडलेल्या शिंगात भरतात आणि अंगठ्याने दाबून लांब वळी काढतात. ल्हासाजवळच्या न्येमो भागात लाकूड अजून पाणचक्कीवर घासून दळतात. जपानी लोक ताबू नावाच्या झाडाच्या सालीची पूड घालतात. ती ओली झाली की चिकटते आणि जळताना वास मारत नाही, म्हणून वेगळा डिंक लागत नाही.

आपल्या सह्याद्रीतला गुळंब या ताबूचा भाऊबंदच. पण त्याची साल काढायला रानात जाऊ नका. उदबत्तीच्या धंद्यापायी पश्चिम घाटात हे झाड भरपूर सोललं गेलंय. काष्ठौषधींच्या दुकानात मैदा लकडीची पूड मिळते, ती घ्या. जटामांसीही सोडा, हिमालयात ती संपत आलीय. आपल्या बागायतीत दालचिनी आणि जायफळ असताना तिची गरज काय?

मी चार वाट्या पुडीला एक वाटी मैदा लकडी घेते. चारांतल्या तीन वाट्या देवदार आणि थोडं चंदन, उरलेल्या वाटीत नागरमोथा, वाळा, कापूरकाचरी, दालचिनी आणि किसून चिमूटभर जायफळ. सगळं वस्त्रगाळ. कोमट पाणी चमच्याचमच्याने घाला. गोळा मोदकाच्या उकडीसारखा मऊ, पण हाताला न चिकटणारा झाला पाहिजे. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा आणि सोऱ्याला जाड शेवेची चकती लावून फळीवर सरळ रेषेत पाडा. शिंग शोधत बसू नका.

वाकते ती सुकवताना, आणि इथेच आपला किनारा आडवा येतो. उन्हात ठेवली की वरून आकसते, आत ओली राहते आणि कमान होते. सावलीतच सुकवा, वरून हलकी फळी ठेवा, रोज उलटा. पौष-माघात सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, वाहते तेव्हा पडवीत ठेवायची आणि दुपारी खारा वारा सुटायच्या आत घरात घ्यायची. जपानच्या आवाजी बेटावर मात्र समुद्राचाच वारा झडपांच्या खिडक्यांतून आत घेऊन उदबत्ती सुकवतात. इ. स. 595 मध्ये अगरूचं लाकूड वाहत त्याच बेटाला लागलं, अशी नोंद त्यांच्या जुन्या इतिहासग्रंथात आहे. त्यांचं त्यांना लखलाभ. आपल्याकडे दुपारच्या वाऱ्यात ठेवलीत तर बुरशी धरेल. पावसाळ्यात तर हा उद्योग काढूच नका.

धुराबद्दल खरं सांगायचं तर घरच्या उदबत्तीलाही धूर असतोच. वंदनेतली ‘गन्धसम्भारयुत्तेन’ ही धूपाची गाथा म्हणून होईपर्यंत एक बारीक तुकडा पुरतो. मूठभर लावू नका आणि विहाराच्या खिडक्या उघड्या ठेवा. बुद्ध पौर्णिमेसाठी हवी असेल तर माघातच करून बरणीत झाकून ठेवा, वास मुरतो. काडी नसल्याने घरात उभी करायला वाटीत राख घ्या. वाळू घेणार असाल तर समुद्रावरची आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन कडक वाळवा, नाहीतर खालचं टोक ओल धरून विझेल.