म्युनिकला निघालेल्या सांगलीच्या मुलीला, माळव्याबद्दल

नवऱ्याच्या नोकरीमुळे दिवाळीनंतर म्युनिकला यायचंय, मुलगा पहिलीला आहे, तर "ताई, तिकडं ताजी भाजी कुठं आणि कशी घेता?" असं तू विचारलंस. व्हिसा, विमा, घरभाडं यावर मी काही लिहीत नाही, ते दूतावासवाले सांगतील. भाजीचं, म्हणजे आपल्या माळव्याचं, कुणी सांगत नाही.

आधी हात आवरायला शीक. चौकात आठवडी बाजार भरतो, काही ठिकाणी सकाळीच, पण तिथं माळव्याला हात लावायचा नाही. बोट दाखवायचं, किती ते सांगायचं, विकणारा निवडून देतो. भेंडीचं टोक मोडून बघणं तर सोडूनच दे. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "मग सडकं घालत नाहीत कशावरून?" घालत नाहीत. पण निवडून घेतल्यासारखं वाटतही नाही. आपल्या मंडईत दर ऐकून दोन पावलं पुढं गेलं की मागून हाक येते, "अहो वहिनी, या, किती देणार बोला." इथं पाटीवर लिहिलाय तोच दर.

सुपरमार्केटात हात लावता येतो. काही दुकानांत भाजी आपणच तोलायची: पाटीवरचा भाजीचा क्रमांक (दर नव्हे) लक्षात ठेवून काट्यावर दाबायचा आणि निघालेलं लेबल पिशवीला चिकटवायचं. काही दुकानांत गल्ल्यावर तोलतात. काकडी, नवलकोल नगावर. लेबल न लावता गल्ल्यावर गेलीस की मागची रांग थांबते. कुणी एक शब्द बोलत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. रविवारी दुकानं बंद, एरवीही इथं बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, रात्री आठला शटर खाली.

खरं माळवं तुर्की दुकानात. भेंडी, वांगी, हिरवी मिरची, कोथिंबिरीची भरगच्च जुडी. शेजारीच हुबेहूब कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली असते, वास घेऊन मगच उचल. उन्हाळ्यात तिथं चक्क घोळ मिळते, आपल्याकडं शेतात आपोआप उगवते ती. ते सॅलडात कच्ची खातात, मी डाळ घालून शिजवते. वांग्याचं मात्र मनातून काढून टाक. कृष्णाकाठच्या वांग्याची सर इथल्या काळ्या चकचकीत वांग्याला नाही, भरलं वांगं करायला गेलं तर नुसता लगदा. बाजारात मुळा किंवा नवलकोल घेताना "पाला काढू का?" असं विचारतात. नको म्हण. मुळ्याच्या पाल्याची भाजी इथं फुकटात होते.

बॅगेत कढीपत्ता, शेवगा कोंबू नकोस. 14 डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघाबाहेरून ताजी भाजी-फळं आणायची तर रोग-किडीचा सरकारी दाखला लागतो. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना. पेरायच्या बियांनाही दाखला लागतो. मेथीदाणे इथं मसाल्याच्या कप्प्यात मिळतात, तेच कुंडीत टाक.

कागदपत्रांचं एकच सांगते. पासपोर्टवर तुझ्या नावाला नवऱ्याचं नाव जोडलेलं असेल तर इथं ते तुझंच पहिलं नाव धरतात. माझ्या विमा कार्डावर मी आजही अर्धी आमचे हे आहे. दुरुस्तीसाठी खेटे घातले, शेवटी नाद सोडला.

एकटं वाटतं का, असंही विचारलंयस. वाटतं. सगळ्यांनाच वाटतं.

त्यापेक्षा शाळेचं बघ, ते मला अजून सलतं. बव्हेरियात प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच. चौथीच्या मे महिन्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी काढतात. 1 म्हणजे उत्तम. 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडं नेणारी शाळा, नाहीतर रेआलशूल किंवा मिटेलशूल, म्हणजे नोकरी-धंद्याच्या शिक्षणाकडं वळवणाऱ्या शाळा. दहा वर्षांच्या पोराची वाटणी! आमच्या लेकीचं गणित चोख, पण जर्मनने ओढलं आणि थोडक्यात हुकलं. बाईंनी बोलावून विचारलं, "घरात कुठली भाषा बोलता?" मराठी, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला आजही वाचायचंय. पुढं गिम्नाझियमला जायचे रस्ते आहेत असं सगळे सांगतात, आहेतही. पण ते सांगताना ज्याची पोरं आधीच गिम्नाझियमला आहेत तोच सर्वात मोठ्यानं सांगतो.

आता बाजारात लेकच बोलते. विकणारा तिच्याशी हसतो, हवामानावर काहीबाही बोलतो, मी पिशवी धरून उभी. तिचं जर्मन बव्हेरियन पोरांसारखं आहे, माझं अजून व्याकरण जुळवत चालतं. घरी आल्यावर तिला मराठीत काही विचारलं की उत्तर जर्मनमध्ये येतं, आणि त्या बाईंच्या प्रश्नानंतर आपणही घरात जर्मनच बोलायला हवं होतं की काय, हे मला ठरवता येत नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला फक्त भाजीचे दर सांगते, ते ऐकून ती हबकते आणि विषय तिथंच राहतो.

तुझा मुलगा पहिलीला, म्हणजे हाताशी वेळ आहे. जर्मनचा वर्ग त्याच्या आधी तू लाव, सांगलीत असतानाच. आणि आल्यावर पहिल्या शनिवारी फोन कर, बाजाराला बरोबर जाऊ. पण सकाळी दहाच्या आत निघू, नंतर चांगलं माळवं उरत नाही.