‘दोनच मिनिटं, मावशी’

वाचक विचारतात : या वेळी पत्रकार, कॅमेरे आणि आपलं घर

प्रश्न : ताई, आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. मे महिन्यात माझा धाकटा भाऊ महामार्गावर अपघातात गेला. पोस्टमॉर्टेम होऊन त्याला घरी आणायच्या आधीच तीन जण ओसरीवर हजर. दोघांच्या हातात वाहिन्यांचे बूम, म्हणजे माइक, तिसरा मोबाइलवर शूट करत होता. आई जमिनीवर पडून रडत होती. त्यातला एक खाली वाकून म्हणाला, ‘दोनच मिनिटं, मावशी, मुलाबद्दल काहीतरी बोला.’ चुलत्यांनी बाहेर व्हायला सांगितलं, तर ‘आम्ही प्रेस आहोत’ म्हणाले आणि थांबलेच. भावाचा फोटो कुणीतरी त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवरून काढून त्यांना दिला. तो व्हिडिओ अजून एका यूट्यूब चॅनेलवर आहे, थंबनेलला आईचा रडतानाचा चेहरा. आई आता बाजाराला जात नाही. आमच्या हातात काही आहे का?

उत्तर : आहे. सगळ्यात आधी तो व्हिडिओ खाली कसा येईल ते बघू. लिंक, चॅनेलचं नाव, तारीख आणि थंबनेलचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण तक्रार गेली की काही जण तोच व्हिडिओ वेगळ्या नावाने परत टाकतात. मग यूट्यूबचा खासगीपणाच्या तक्रारीचा फॉर्म भरा. तो फॉर्म स्वतःच्या नावाने भरू नका. चेहरा आईंचा आहे, तेव्हा तक्रार त्यांच्या नावाने जाऊ द्या. शेजारी बसून टाइप तुम्ही करा. आई कोणत्या मिनिटाला दिसतात, घराचा आतला भाग कुठे दिसतो, ते नेमकं लिहा. बदनामी, मानहानी हे शब्द त्यात घालू नका, तो वेगळा रस्ता आहे आणि लांबचा आहे. घराच्या आत, परवानगी नसताना, बाहेर जा सांगितल्यावरही केलेलं चित्रण, एवढंच पुरे.

उरल्या दोन वाहिन्या. 2021 साली केबल टेलिव्हिजनच्या नियमांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून प्रत्येक वाहिनीला तक्रारींसाठी अधिकारी नेमावा लागतो आणि आलेल्या तक्रारीवर 15 दिवसांत निर्णय कळवावा लागतो. निर्णय पटला नाही, तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. मे महिन्यापासूनचे दिवस थोडे वाया गेलेत. अशी तक्रार प्रसारणानंतर आठवड्याच्या आत गेली तर तिला वजन असतं. तरीही लिहा. मेल करा आणि त्याचीच एक प्रत पोस्टाने, रजिस्टर करून, संपादकांच्या नावे पाठवा. माझा अनुभव असा की मेल कुणी उघडत नाही, पण रजिस्टर पत्रावर सही करून घेणारा शिपाई ते कुणाच्या तरी टेबलावर ठेवतोच.

आता त्या ‘आम्ही प्रेस आहोत’बद्दल. या वाक्याला कायद्यात काडीची किंमत नाही. आपल्या संविधानात पत्रकारांसाठी वेगळं कलम नाही. कलम 19 मधलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य तुमच्या चुलत्यांना जेवढं, तेवढंच त्या बूमवाल्याला. सरकारने पत्रकाराला दिलेलं अधिस्वीकृतीचं कार्ड असेल तर मंत्रालयात प्रवेश सोपा होतो, तुमच्या ओसरीवर नाही. घरमालकाने बाहेर व्हा म्हटल्यावरही कुणी त्रास देत आत थांबला, तर तो गृह-अतिक्रमणाचा विषय होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम 329 आहे. पोलीस ठाण्यात जायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. सुतक असलेल्या घराने ठाण्याच्या बाकावर बसावं असं मी सुचवणार नाही. पण पुढच्या वेळी गावात असं काही झालं, तर चुलत्यांनी कलमाचा आकडा मोठ्याने म्हणावा. बऱ्याचदा तेवढं पुरतं.

हे लोक असं का वागतात, तेही सांगते. मी वृत्तपत्राच्या आणि नंतर वाहिनीच्या डेस्कवर बसलेली आहे. तालुक्याचा बातमीदार बहुतेक वेळा पगारी नसतो, स्ट्रिंजर असतो. बातमी चालली तर पैसे, नाही चालली तर पेट्रोलही खिशातलं. अपघाताची दृश्यं सगळ्यांकडे सारखीच असतात, चेपलेली गाडी, पोलिसांची जीप, बघ्यांची गर्दी. मग डेस्कवरून फोन जातो, ‘घरच्यांचा बाइट, कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, आहे का? दुसऱ्यांकडे लागलाय.’ फोन करणारा एसीत बसलेला असतो आणि आईच्या समोर वाकावं लागतं ते त्या पोराला. म्हणून माझा राग त्या पोरावर कमी आणि फोनवर जास्त. याच धंद्यात मी असेही बातमीदार पाहिलेत जे मयताच्या घरी फाटकाच्या आत पाऊल टाकत नसत. शेजाऱ्याकडून नाव, वय, शिक्षण घेत आणि निघत. त्यांची बातमी दुसऱ्या दिवशी कुणापेक्षा कमी पडली नाही.

नियम काय म्हणतो? प्रेस कौन्सिल ही वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणारी संस्था. तिच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय की कुणाच्या वैयक्तिक शोकाच्या क्षणी कॅमेरा घेऊन घुसणं टाळावं. लगेच पुढे एक पळवाटही ठेवली आहे, की अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीतल्या बळींची छायाचित्रं व्यापक जनहिताची असू शकतात. पळवाट मला मान्य आहे. समजा, रस्त्याचा कठडा तुटलेला होता, वळणावर दिवा नव्हता, तर ते दाखवायला अपघाताची जागा दाखवावीच लागेल. पण कठडा तुमच्या ओसरीवर नव्हता. कौन्सिलचा अधिकार फक्त छापील माध्यमांवर चालतो हे खरं, तरी जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत मृत्यूच्या वार्तांकनावर निकाल देताना सांगितलं की, वाहिन्यांसाठी वेगळी व्यवस्था होईपर्यंत कौन्सिलचे निकष त्यांनीही पाळावेत. तुमच्या पत्रात या निकालाचा उल्लेख जरूर करा.

कुणी तुम्हाला सांगेल की 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा थेट कोर्टात जा. तो पुट्टस्वामी निकाल मोठाच आहे. पण मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध वापरायचे असतात. खासगी वाहिनीविरुद्ध साधारणपणे दिवाणी दावा लावावा लागतो, आणि त्याच्या तारखा तुमच्या आईंना पुन्हा पुन्हा तो दिवस आठवायला लावतील. मी तुमच्या जागी असते तर गेले नसते.

एक मात्र सांगून ठेवते. उद्या अपघाताच्या जागी कठडा बसवा म्हणून गाव रस्त्यावर उतरलं, तर माध्यमांशी बोला. त्या वेळी बूम तुमच्या कामाचा आहे. फक्त घरातल्या एकानेच बोलावं, घराबाहेर बोलावं आणि आईंना मागे उभं करू नये.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. तालुक्यातल्या एका साप्ताहिकाने माझ्या दुमजली घराचा फोटो छापला आणि शेजारी घरकुलाच्या यादीतलं माझ्या वडिलांचं नाव. वर पुढच्या अंकात माझ्या पत्नीचं गर्भपिशवीचं ऑपरेशन कोणत्या दवाखान्यात झालं, तेही लिहिलं. हा माझ्या खासगीपणाच्या हक्कावर घाला नाही का?

उत्तर : साहेब, तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकाच पाकिटात घातल्यात. त्या मी वेगळ्या करते.

घरकुलाची यादी सरकारी कागद आहे. ती ग्रामसभेत वाचली जाते. तुमचं घर रस्त्यावरून सगळ्या गावाला दिसतं. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाच्या वडिलांना घरकुल कसं मिळालं हे विचारणं साप्ताहिकाचं कामच आहे. काही खुलासा असेल, वडील वेगळे राहत असतील, मंजुरी तुम्ही निवडून येण्याआधीची असेल, तर तो लिहून पाठवा आणि छापा म्हणा. खासगीपणाची ढाल इथे चालणार नाही.

ऑपरेशनची गोष्ट निराळी. तिथे साप्ताहिकाची काही बाजूच नाही. बाईंनी कुठलं पद घेतलेलं नाही, आणि घेतलं असतं तरी गर्भपिशवीचा ग्रामपंचायतीशी काय संबंध?

गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टी एकाच निकालात आहेत. ऑटो शंकर हा तमिळनाडूतला फाशीची शिक्षा झालेला कैदी. त्याने तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं आणि काही बडे अधिकारी आपले भागीदार होते असं त्यात म्हटलं. ‘नक्कीरन’ हे तमिळ साप्ताहिक ते छापणार म्हटल्यावर वरिष्ठ तुरुंग अधिकाऱ्यांनी रोखायचा प्रयत्न केला. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिकाऱ्यांना असं आधीच तोंड दाबता येणार नाही. सार्वजनिक दप्तरात असलेल्या गोष्टीवर लिहिता येतं, आणि पदावरच्या माणसाच्या पदाशी संबंधित वागणुकीवर तर येतंच. त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं की लग्न, कुटुंब, मातृत्व, बाळंतपण, शिक्षण अशा गोष्टी माणसाच्या स्वतःच्या आहेत, त्याच्या संमतीशिवाय त्यावर लिहू नये. निकालाचा पहिला भाग तुमच्या विरोधात, दुसरा तुमच्या पत्नीच्या बाजूने.

तेव्हा तक्रार त्यांना करू द्या. आधी संपादकांना लेखी. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर प्रेस कौन्सिलकडे, कात्रणासह. साप्ताहिकाच्या बाबतीत प्रकाशनापासून दोन महिन्यांच्या आत. वकील लागत नाही. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताकीद देतं, निषेध नोंदवतं. हे ऐकून तुम्ही हसाल. पण छोट्या साप्ताहिकाच्या संपादकाला दिल्लीहून आलेली नोटीस झोंबते, हे मी पाहिलंय. आणि त्या अर्जात घरकुलाचा विषय चुकूनही आणू नका.

प्रश्न : मी पुण्याचा, वय 78. टिळक-आगरकरांच्या काळी वृत्तपत्रं किती सभ्य होती! कुणाच्या घरात कोण डोकावत नसे. आताच हे का झालं?

उत्तर : आजोबा, गुरुवार पेठेतलं ख्रिस्ती मिशनऱ्यांचं पंचहौद मिशन तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असणार. 1890च्या ऑक्टोबरात तिथे व्याख्यानाला बोलावलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला, कुणी तसाच ठेवून दिला. पुढे ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात हजर असलेल्यांची यादीच छापून आली, आणि ती पुरवणारे गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे यजमान. यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. शहरात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. एका कपाचं हे सगळं!

गोपाळरावांची बाजू घ्यायची तर घेता येते. जाहीर सभांत सुधारणेच्या गोष्टी करणारे प्रत्यक्षात किती धीट आहेत, हे त्यांना दाखवायचं होतं. रानडे-टिळकांपुरतं मी ते मान्य करेन. पण यादीत मागच्या बाकावरची माणसंही होती, ज्यांनी कधी कुठलं भाषण केलं नव्हतं. त्यांच्या घरी सोयरीक मोडायची वेळ आली तर ‘पुणे वैभव’ भरपाई देणार होतं का?

योगायोग असा की त्याच 1890च्या डिसेंबरात बोस्टनच्या दोन वकिलांनी, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांनी, हार्वर्डच्या कायद्याच्या नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. त्यांची तक्रार होती नव्या झटपट कॅमेऱ्यांबद्दल आणि घरातल्या कुजबुजीवर पोट भरणाऱ्या वृत्तपत्रांबद्दल. आपल्याला एकटं राहू द्यावं, हा माणसाचा हक्क आहे, असं ते म्हणत होते. आजही या विषयावरची चर्चा त्या लेखापर्यंत जाते. आपल्याकडे मात्र वाद चहा बाटवतो की नाही याचा झाला. यादी का छापली, हा प्रश्न बाजूलाच पडला.

प्रश्न : मी नांदेडला एका दैनिकात नुकतीच लागले आहे. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, बातमीत ‘नाव बदलले आहे’ असं लिहिलं की झालं, असं आमचे सर म्हणतात. पण ते गावाचं नाव, वडिलांचा धंदा, शाळा सगळं मागतात. काय करू?

उत्तर : तुझ्या सरांनी कायदा अर्धाच वाचलाय. पोक्सो कायद्याचं कलम 23 फक्त नावाबद्दल नाही. पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, आणि ज्यावरून मूल ओळखता येईल असं काहीही देता येत नाही. हजारभर वस्तीच्या गावात ‘सातवीतली मुलगी, वडील पिठाची गिरणी चालवतात’ एवढं लिहिलंस की नाव लिहायचं बाकी काय राहिलं? मूल हयात नसलं तरी सूट नाही. निपुण सक्सेना प्रकरणात डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जम्मूतल्या कठुआच्या अत्याचार करून मारलेल्या मुलीची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने बड्या बड्या माध्यमसमूहांना प्रत्येकी 10 लाख रुपये भरायला लावले होते.

बातमी लिही, पण वेगळ्या बाजूने. तालुका लिहायचा की नुसता जिल्हा, ते वस्ती बघून ठरव. आरोपी नात्यातला असेल तर त्याचं नावही देऊ नकोस, त्यावरून मुलगी कळते. पोलिसांनी गुन्हा नोंदवायला किती वेळ लावला, वैद्यकीय तपासणी कुठे झाली, बालकल्याण समितीला कळवलं का, हे विचार. ही माहिती कुणी मागत नाही म्हणून मिळत नाही. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये नाव चुकून आलं, तरी ते छापायची मुभा तुला मिळत नाही.

आणि सरांशी वाद घालू नकोस, नवीन आहेस. कलम 23 चं पोटकलम 3 काढ. त्यात लिहिलंय की कर्मचाऱ्याने केलेल्या चुकीला प्रकाशक किंवा मालकही जबाबदार. त्याची झेरॉक्स सरांच्या टेबलावर ठेव, आणि एक व्यवस्थापकांच्याही.