चाकणहून जर्मनीला निघताना: राजीनाम्याआधीची कामे

तुमचे पत्र वाचले. मेकॅनिकलचा डिप्लोमा, चाकणमध्ये सात वर्षे धातू कापणाऱ्या फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीनवर सेटिंगचे, म्हणजे मशीन कामासाठी जुळवून देण्याचे, काम, वय ३१. आणि आता राजीनामा देऊन ‘शान्सनकार्टे’, म्हणजे संधी कार्ड, घेऊन जर्मनीला जावे आणि तिथे पोचल्यावर नोकरी शोधावी, असा तुमचा विचार दिसतो. मी २०२१ मध्ये भोसरीतून निघालो आणि तेव्हापासून श्टुटगार्टजवळच्या एका लहान कारखान्यात कटिंगचेच काम करतो. माझे मत असे, की तुम्ही अवश्य यावे, मात्र राजीनामा आत्ता देऊ नये.

संधी कार्ड १ जून २०२४ पासून मिळू लागले. त्यासाठी लागणारे सहा गुण तुमचे भरतात: अनुभवाचे तीन, पस्तिशीच्या आत असल्याचे दोन आणि जर्मन भाषेची ए-२ (प्राथमिक) पातळी गाठलीत तर एक. अडचण पैशांची आहे. कार्ड एका वर्षापुरते असते, त्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते आणि खर्चासाठी २०२५ च्या हिशेबाने दरमहा १,०९१ युरो जवळ असल्याचे दाखवावे लागते. आकुर्डीच्या फ्लॅटचा हप्ता चालू असताना वर्षभर बचतीवर जगणे तुम्हाला परवडेल, असे मला वाटत नाही.

त्यापेक्षा मार्च २०२४ पासूनची दुसरी वाट तुमच्यासाठी सोयीची आहे. आपल्याकडे सरकारमान्य असलेला किमान दोन वर्षांचा अभ्यासक्रम, गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव आणि वर्षाला ४३,४७० युरो पगाराची (हा २०२५ चा आकडा) नोकरी हातात असेल, तर जर्मनीत डिप्लोमाची समकक्षता सिद्ध न करताही कामाचा व्हिसा मिळू शकतो. डिप्लोमा भारतात सरकारमान्य असल्याची खातरजमा तेवढी जर्मनीतल्या कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. कंपनी कामगार संघटनेच्या वेतनकराराने बांधलेली असेल, तर कमी पगारही चालतो. माझ्या वेळी ही सोय नव्हती. मला डिप्लोमाची समकक्षता तपासणाऱ्या न्यूर्नबर्गच्या कार्यालयाकडे सगळा अभ्यासक्रम उलगडून दाखवावा लागला, मान्यता अर्धवटच आली आणि उरलेले प्रशिक्षण कारखान्यात राहून पूर्ण करावे लागले.

आता कामाविषयी, कारण गफलत होते ती इथे. आपल्याकडे प्रोग्रामर वेगळा, सेटर वेगळा, ऑपरेटर वेगळा आणि मोजमाप क्वालिटीवाल्यांकडे. तिथे साडेतीन वर्षांचे प्रशिक्षण घेतलेला कारागीर ड्रॉइंग वाचतो, प्रोग्राम लिहितो, जॉब (म्हणजे बनवायचा भाग) मशीनवर बांधतो, कापतो आणि स्वतःच मोजतो. पहिल्याच आठवड्यात मी एका पोलादी जॉबचा बाहेरचा व्यास मशीनवरून उतरवल्या उतरवल्या मोजला, तो मोठा दिसला म्हणून ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) बदलला आणि पुढचा जॉब कापला. शेजारच्या वयस्कर सहकाऱ्याने काही न बोलता दोन्ही जॉब मोजमापाच्या खोलीत नेऊन ठेवले. तिथे तापमान कायम २० अंश असते, कारण ड्रॉइंगवरची मापे त्याच तापमानाची मानतात. दोन तासांनी पहिला जॉब अगदी बरोबर भरला आणि दुसरा बाद झाला. २०० मिलिमीटरचे पोलाद १५ अंशांनी तापले तर सुमारे ३५ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते, हे मी डिप्लोमात शिकलो होतो. पण भोसरीत एप्रिलच्या उकाड्यात ते लक्षात ठेवण्याची वेळ कधी आली नव्हती. म्हणून आताच्या नोकरीत असतानाच प्रोग्रामिंग आणि सीएमएमवरचे (अचूक मापे घेणाऱ्या यंत्रावरचे) मोजमाप हाती घ्या. क्वालिटीवाले कुरकुर करतील, त्यांना करू द्या.

जर्मनीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या सध्या माणसे कमी करत आहेत, तेव्हा नुसत्या त्यांच्याच मागे लागू नका. टुटलिंगनमध्ये शस्त्रक्रियेची उपकरणे बनतात, ओबरकोखनमध्ये भिंगे बनवणाऱ्या झाइस कंपनीचे काम चालते आणि अशा गावांभोवती सूक्ष्म कटिंग करणारे कितीतरी लहान, घरगुती कारखाने आहेत. तिथे मालक स्वतः मुलाखत घेतो आणि ती जर्मनमध्येच घेतो. ए-२ वर व्हिसाचे भागेल, शॉप फ्लोअरवर भागणार नाही. पुण्यात बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्स म्युलर भवनात बी-१ (ए-२ च्या पुढची पातळी) पर्यंत शिकूनच या. (श्वाबियाची, म्हणजे श्टुटगार्टच्या या भागाची, बोली त्यानंतरही कळत नाही, ती गोष्ट वेगळी.)

शेवटी अनुभवाचे पत्र. माझ्या भोसरीच्या कंपनीने ‘सीनियर इंजिनिअर म्हणून काम केले, वर्तणूक चांगली’ एवढेच लिहून दिले. कोणते मशीन, कोणता कंट्रोलर, कोणता धातू, किती मायक्रॉनचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक), यातले त्यात काहीच नव्हते. मी तोवर नोकरी सोडलेली असल्यामुळे दुरुस्त पत्रासाठी गेटवर हेलपाटे घालण्यात चार महिने गेले. तुम्ही अजून आत आहात. मसुदा स्वतः लिहा आणि या महिन्यातच सही-शिक्का घेऊन ठेवा.